उजव्या चाकाचा ड्रम

अण्णा, तुमच्या पराक्रमाची ती गोष्ट काल पुन्हा ऐकली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गिरणी गेली, चाळ गेली, आपली खोली होती त्या जागेवर बिल्डरनं शोभेची झाडं लावलीत, पण गोष्ट मात्र ठणठणीत आहे. परळच्या पुलाचा उतार, समोर पोरांनी भरलेली शाळेची बस, ब्रेक दाबूनही गाडी थांबेना, आणि तुम्ही क्षणात स्टिअरिंग फिरवून गाडी कठड्यावर घातलीत. स्वतःच्या बायकोचा खांदा मोडला तरी चालेल, पण परक्याची पोरं वाचली पाहिजेत. सांगणाऱ्यांचा गळा भरून येतो. तुमच्या तेराव्यालाही हीच गोष्ट कुणीतरी उभं राहून सांगितली होती आणि सगळ्या माना हलल्या होत्या. मी पानं वाढत होते. तेव्हा मला जे वाटलं ते रडू नव्हतं. आजही नाही.

तुम्हाला कळावं म्हणून लिहीत नाहीये. तुम्हाला काही कळावं अशी माझी अपेक्षा तुम्ही जिवंत असतानाच संपली होती. लिहिते एवढ्यासाठी, की काल मी माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू घरीच बदलले, आपल्याच नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, आणि काम करताना तुमच्याबद्दल जे जे मनात आलं ते कुठेतरी ठेवायला हवं. दोन्ही चाकांचे, अण्णा. हा शब्द दोनदा वाचा.

तुमची ती मोटार आठवते. चाळीतली पहिली. रोज सकाळी तुम्ही बनियनवर खाली उतरायचात आणि तिला ओल्या फडक्यानं पुसत बसायचात, जाणाऱ्या-येणाऱ्यानं विचारावं म्हणून. कुणी विचारलंच, तर बॉनेट उघडून व्याख्यान. गिरणीत हेड फिटर होतात, तेव्हा जगातलं प्रत्येक यंत्र तुमच्या खिशात. गॅरेजवाले सगळे चोर, गाढव, हातोडीचे नोकर. "मोटार म्हणजे काय, मागाच्या अर्धी पण अक्कल नाही तिच्यात," असं तुम्ही म्हणायचात. लोक हसायचे. मीही हसायचे, लहान होते तेव्हा. पण ब्रेकच्या त्या शनिवारी मी लहान नव्हते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि खाली चौकात तुमच्या बाजूला उभी राहून तुम्ही मागाल ते हत्यार हातात देत होते.

दुसऱ्या दिवशी दादरला मावशीच्या मुलीचा साखरपुडा होता. मागचे ब्रेक घासले आहेत, हे तुम्हाला आठवडाभर आधी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं आणि तुम्ही त्याला, "मला शिकवतोस?" म्हणून परत आला होतात. मग नवे शू आणलेत, खाकी कागदात गुंडाळलेले, आणि दरबार भरवलात. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं ओणवी झालेली. डावं चाक काढलंत, त्यामागचा लोखंडी ड्रम काढलात, आतून त्याला घासून चाक थांबवणारे जुने शू काढून वर सगळ्यांना दाखवलेत, जादूगार ससा दाखवतो तसे. नवे बसवलेत. चांगले बसवलेत, हे मी नाकारत नाही. टाळ्यासुद्धा पडल्या. मग उजव्या चाकाकडे आलात, आणि तो ड्रम निघेना. गंजून धरला होता. तुम्ही हातोडीनं ठोकलंत. मग मोठ्या हातोडीनं. मग शिव्या देऊन. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, गॅरेजवाल्याला बोलवू काय?" आणि सगळी चाळ हसली.

तुमचा चेहरा मी जवळून पाहिला. मानेपर्यंत लाल. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत, हात पुसलेत, चाक परत चढवलंत आणि उभं राहून वर बघत मोठ्यानं म्हणालात, "ह्या बाजूचा बघितला. एकदम टकाटक. अजून दोन वर्षं मरण नाही." बघितला! ड्रम निघालाच नव्हता तर काय बघितलंत? पत्रा?

मी खाकी कागद उचलला. त्यात उरलेले दोन शू होते. म्हणाले, "अण्णा, हे राहिले की. दोन्हीकडचे एकदम बदलायला लागतात ना? नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल." हे काही माझं ज्ञान नव्हतं. त्या कागदावरच छापलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की जणू तुमच्या ताटात मीच माशी टाकली. "कॉलेजात मोटार शिकवतात काय तुला? जा वर, कपडे वाळत घाल." चाळ पुन्हा हसली, या वेळी मला. तुम्हाला तेवढंच हवं होतं. हसू तुमच्यावरून माझ्यावर सरकलं आणि तुम्ही सुटलात.

रविवारी आम्ही नटूनथटून निघालो. तुम्ही चालवताय, आई शेजारी, मी आणि भाऊ मागे. पुलाच्या चढावर तुम्ही गुणगुणत होतात. उतारावर एका टँकरनं पाणी सांडलं होतं आणि समोर एक बस थांबली होती. तुम्ही ब्रेक दाबलात. डाव्या नव्या शूंनी चाक घट्ट धरलं, उजवं जुनं तसंच घरंगळत राहिलं, आणि गाडी डावीकडे अशी फिरली, जसं कुणी तिला कान धरून ओढलं. तुमचे हात स्टिअरिंगवर होते खरे, पण ते फिरवत नव्हते, त्याला लोंबकळत होते. मी मागून बघत होते. कठड्यावर आईची बाजू आदळली. तिचा आवाज आला नाही. दरवाज्याच्या पत्र्याचा आला.

खांदा तीन ठिकाणी मोडला होता. जवळच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि तिचा डावा हात त्या दिवसापासून आजतागायत खांद्याच्या वर गेलेला नाही. आणि तुम्ही? बाहेरच्या बाकड्यावर बसून, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगत होतात. पहिल्या दिवशी गोष्टीत नुसती बस होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात माणसं बसली. आई घरी येईपर्यंत ती शाळेची बस झाली आणि खिडक्यांमधून पोरं हात हलवायला लागली. मला आठवतं, मी वॉर्डाच्या दारात फळांची पिशवी घेऊन उभी होते आणि तुम्ही कुणाला तरी सांगत होतात, "ब्रेक काय, ब्रेक माझ्या हातचे होते म्हणून एवढ्यावर निभावलं." मी पिशवी तिथेच खाली ठेवली आणि जिन्यात जाऊन बसले. माणूस इतका स्वस्त असू शकतो, आणि तो आपला बाप असू शकतो, हे पचवायला मला वेळ हवा होता.

राग मला पुलाचा कधीच नव्हता. चूक माणसाकडून होते. राग आहे फळीचा. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची ती लाकडी फळी, तिच्यावर डबे, आणि डब्यांपर्यंत आता आईचा हात पोचत नव्हता. ती स्टुलावर चढून एका हातानं डबा काढायची, तो हनुवटीखाली धरून उतरायची. तुम्ही जेवत बसलेले असायचात. हेड फिटर! दोन स्क्रू काढून फळी हातभर खाली आणायची होती. पण फळी खाली आणली असती तर ती रोज दिसली असती, आणि ती का खाली आली हे रोज दिसलं असतं. म्हणून तुम्ही तिला वरच ठेवलीत. शेवटी एका दुपारी तुम्ही झोपलेले असताना मी ती खाली आणली. उठल्यावर तुम्ही फळीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "वाकडी लावलीस." वाकडी नव्हती.

लोक म्हणतात, हत्यारं हातात धरायची आवड हिला बापाकडून आली. मी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमधली यंत्रं दुरुस्त ठेवायचं काम करते, त्यामुळे असं म्हणायला लोकांना सोपं जातं. पण तुम्हाला सांगते, मी तुमच्याकडून शिकले नाही. तुम्ही करायचात त्याच्या उलट करायचं, एवढा एकच धडा मी घेतला आणि त्यावर माझी नोकरी चांगली चालली. यंत्र उघडता आलं नाही तर मी लिहून देते, की उघडता आलं नाही. यात कुणाचं नाक कापलं जात नाही. तुमचं मात्र गेलं असतं.

तर काल. माझ्या गाडीचे मागचे शू संपले होते, आईला दर आठवड्याला व्यायामाला न्यायचं असतं, आणि गॅरेजवाल्यानं करून दिलेही असते. पण मला स्वतः करायचं होतं. तुम्हाला जे जमलं नाही ते किती अवघड होतं, हे एकदा आपल्या हातानं बघायचं होतं. सकाळी पार्किंगमध्ये पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचा भाग जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड लावले. आई म्हणाली मीही येणार. तिला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती पदर खोचून बसली, जशी पूर्वी गॅलरीत मासे निवडायला बसायची.

डावं चाक सहज झालं. आणि बघा, माझाही उजवाच ड्रम अडकला. मला हसू आलं. आई म्हणाली, "काय झाला गो?" म्हटलं, "काही नाही, अण्णा आलेत." ड्रमच्या तोंडावर दोन बारीक भोकं असतात, अण्णा, आत आटे असलेली. त्यांत दोन बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो असे थोडेथोडे पिळत गेलं, की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. तुमच्या मोटारीच्या ड्रमलाही ती होती, मी पाहिली होती, ग्रीस आणि मातीनं बुजलेली, तुमच्या हातोडीच्या बरोबर बाजूला. ती कशासाठी असतात, असं तुम्ही कुणाला तरी विचारायला हवं होतं. त्या गॅरेजवाल्याला. कुणालाही. पण विचारणं तुमच्या जिवावर यायचं. त्यापेक्षा बायकोचा खांदा स्वस्त पडला.

ड्रम निघाला तेवढ्यात आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. हे म्हणजे चाळीतले आपले समोरचेच, तुम्ही ब्रेक बदललेत तेव्हा वरून टाळ्या वाजवणारे. आता गळ्यात शिट्टी आणि हातात मोबाइल घेऊन दिवसभर फिरतात आणि ग्रुपवर सगळ्यांना नियम पाठवतात.

"काय गं, हे काय काढलंस? पार्किंगमध्ये रिपेअरिंग अलाउड नाही."

"कुठल्या नियमात?"

"अगं नियम म्हणजे... तेल सांडतं, उद्या सगळेच करतील." मग त्यांना काळे झालेले माझे हात दिसले आणि आवाज एकदम मऊ झाला. "पण शेवटी मुलगी कुणाची! अण्णा असते ना आज, तर बघत राहिले असते. काय माणूस! मावशी, तुम्हाला आठवतं ना? काय त्या पुलावर गाडी काढली होती! शाळेची बस समोर. एवढी पोरं! दुसरा कोणी असता तर..."

मी ड्रम हातात धरून उठले. कधी नव्हे ते मला बोलायचं होतं, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं. पण माझ्याआधी आई बोलली. तिनं मान वर केली नाही. साडीवरची धूळ झटकत म्हणाली, "रविवार होतो तो."

"काय मावशी?"

"रविवार होतो. साखरपुडो होतो. रविवारी शाळा खयची रे?"

सेक्रेटरी हसले, मग थांबले. हिशेब त्यांच्या तोंडावर लागताना मला दिसत होता. इतकी वर्षं ही गोष्ट सांगणाऱ्या माणसाला एकदाही वाराची आठवण झाली नव्हती. "असेल, असेल, बस असेल दुसरी," असं काहीतरी म्हणून ते लिफ्टकडे गेले. नियमाचं विसरूनच गेले.

मी आईकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, की हे फक्त मला माहीत आहे. तिला दुखऱ्या खांद्यावर आणखी हा भार नको, म्हणून मी ते माझ्याकडे ठेवलंय. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"सगळा म्हायत होता." मग तिनं मला ते सांगितलं. हॉस्पिटलातून ती घरी आली त्या संध्याकाळी, हात गळ्यात बांधलेला, ती खाटेवर पडून होती आणि तुम्हाला वाटलं तिला झोप लागलीय. तुम्ही खाटेखालून खाकी कागदातली वस्तू काढलीत, पिशवीत घातलीत आणि चप्पल घालायला लागलात. तिनं विचारलं काय ते. तुम्ही म्हणालात, जुनं लोखंड, भंगारवाल्याला देऊन येतो.

"नव्या कागदातला जुनां लोखंड," आई म्हणाली, आणि हसली. अण्णा, ते हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं. माझा तुमच्यावरचा राग त्याच्यापुढे पोरकट वाटला. मी तुमच्यावर चिडत आलेय, म्हणजे अजून कुठेतरी तुम्हाला मोजत आलेय. तिनं तुम्हाला त्या संध्याकाळीच मोजून बाजूला ठेवलं होतं, आणि मग तुमच्या भाकऱ्या भाजल्या, तुमचे पाय दाबले, शेवटच्या आजारात तुमचं सगळं केलं, जसं एखाद्या घराचं करतात, जिथून आपल्याला जाता येत नाही.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलान काय? हात वर गेलो असतो?" मग म्हणाली, "तू काम कर. मान दुखता माझी वर बघून."

मी काम केलं. शू बसले, पण वरची स्प्रिंग बसेना. पक्कड घसरली, बोटाचं कातडं सोललं, स्प्रिंग उडून शेजारच्या गाडीखाली गेली, ती मी पोटावर सरपटत शोधून आणली, पुन्हा लावली, पुन्हा निसटली. ऊन पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. एकदा मी पक्कड भिंतीवर फेकली. शेवटी फोनवर डाव्या चाकाचा काढलेला फोटो मोठा करून बघितला, तेव्हा कळलं, की मी स्प्रिंग उलट्या बाजूनं अडकवत होते. सरळ धरली आणि ती बसली.

मग आईला शेजारी बसवून मी गाडी त्याच पुलावर नेली. पूल आता वेगळा वाटतो, आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिलेत, पण उतार तोच आहे. मागे कुणी नाही हे बघून मी ब्रेक दाबला, जरा जोरातच. गाडी सरळ थांबली. एका रेषेत. आईनं चांगल्या हातानं वरचं हँडल धरलं होतं, ते सोडलं. म्हणाली, "बरा आसा. चल, चिवडो घेवन जाऊया." लालबागला वळून आम्ही चिवडा घेतला. तिनं गाडीतच पुडी फोडली.

एवढं सगळं लिहून झाल्यावर वाटतं, की हे तुमच्या फोटोमागे वगैरे ठेवावं. नको. फोटोमागे ठेवलं तर ते तुम्हाला वाहिल्यासारखं होईल. हे कागद माझ्या हत्यारांच्या पेटीत राहतील. तिथे तुम्ही येणार नाही, ती जागा तुमची नाही.

एकच गोष्ट राहिली, ती लिहिते आणि थांबते. संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला अजून तुमची गोष्ट खरी वाटते, तो ती त्याच्या मुलांना सांगतो. म्हणाला, "स्वतः बदललेस? अवघड गेलं असेल ना?" आणि मी म्हटलं, "छे रे. काय आहे त्यात? चहा गार व्हायच्या आत झालं." माझं बोट तेव्हा पट्टीत होतं. समोर आई चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसली होती. ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "चाय तीनदा गरम केलंय मी!"

मी फोनवर हात ठेवला आणि तिला गप्प राहायची खूण केली.